आग आधी की स्फोट आधी?

मंडळी, आकाशवाणीवर कविता वाचायला मी अनेकदा आलो, पण रंगावर बोला असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हा रंग चित्रातला किंवा रांगोळीतलाही नाही. आगीला थोपवणारा आणि स्फोटाचा दणका सोसणारा असा हा रंग. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी वाङ्मय घेऊन. रसायनशास्त्राची आणि माझी फारकत दहावीतच झाली. पण माझा भाचा मुंबईकडे एका रंगाच्या प्रयोगशाळेत काम करतो. मागल्या दिवाळीच्या सुट्टीत तो अमरावतीला आला होता. त्याने जे सांगितलं ते मी आधी ऐकलं, मग जमेल तसं वाचून ताडून पाहिलं, आणि आता तुमच्यापुढे मांडतो आहे.

सुरुवात झाली ती नागगोळीपासून. गल्लीतली पोट्टी ओट्यावर नागगोळ्या पेटवत होती. मुगाएवढी ती गोळी. काडी लावली की तिच्यातून काळा, पोकळ, वळवळणारा साप निघतो. भाचा म्हणाला, "मामू, आमचा रंगही हेच करतो. फक्त तो साप आम्ही लोखंडावर अंथरतो."

मी हसलो, आणि मग हसू थांबलं, कारण लोखंड म्हटलं की मला अकोल्याचा तो जिन आठवतो. माझे अब्बा अकोल्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गठाणी बांधायच्या कामावर होते. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. हंगाम भरात होता. दुपारी जिनात रुईने पेट घेतला. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, यंत्रात घासून ठिणगी पडते, एवढं पुरतं. माणसं बाहेर पळाली. वजनकाट्यावरचे एक गृहस्थ हिशेबाची वही आणायला पुन्हा आत गेले. आग दाराशी नव्हती, दूर कोपऱ्यात होती. त्यांना वाटलं, वेळ आहे. तेवढ्यात छत खाली आलं. अब्बा पुढे बरीच वर्षं सांगायचे, "आगीने नाही मारलं त्यांना, लोखंडाने मारलं. गर्डर मेणासारखा वाकला."

हे मला त्या वेळी खरं वाटत नसे. लोखंड कसं वाकेल? भाच्याने सांगितलं, अब्बांचं बरोबर होतं. पोलाद वितळायला सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस लागतात, पण त्याची ताकद त्याच्या खूप आधी जाते. साडेपाचशे अंशांच्या आसपास ती जवळजवळ निम्मी होते, आणि भडकलेल्या आगीत एवढी उष्णता यायला फार वेळ लागत नाही. लाकडाचं तुळवट जळताना वरून कोळसा होतो, तो कोळसाच आतल्या लाकडाला थोडा वेळ राखतो. पोलादाला असं कवच नसतं. ते त्याला वरून द्यावं लागतं.

ते कवच म्हणजे हा फुगणारा रंग. एरवी तो साध्या रंगासारखा दिसतो, एक-दोन मिलिमीटर जाड. आत तीन गडी असतात. पहिला अमोनियम पॉलिफॉस्फेट. नाव जड आहे, पण शेतकऱ्याने घाबरू नये. कृषी केंद्रात मिळणाऱ्या डीएपीच्याच घराण्यातला तो आहे. अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात तापला की त्यातून फॉस्फरसचं आम्ल सुटतं. दुसरा गडी साखरेसारखा कार्बनचा साठा असलेला पदार्थ. आम्ल त्यातलं पाणी काढून घेतं आणि मागे कोळसा उरतो. तिसरा मेलामाईन, जो कारखान्यात युरियापासून करतात. तो तापला की वायू सोडतो आणि त्या वायूने तो मऊ कोळसा कढईत भजं फुलावं तसा फुलतो. एक मिलिमीटरचा थर वीस-तीस मिलिमीटरचा होतो. त्या काळ्या फेसात बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यांतून उष्णता फार हळू आत जाते. तिघांची वेळ जुळली पाहिजे, सगळी मेख तिथे आहे. वायू आधी सुटला तर उडून जातो, कोळसा आधी कडक झाला तर तो फुगत नाही.

फॉस्फेटची ही करामत नवी नाही. फ्रान्समध्ये गे-लुसाक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये नाट्यगृहातलं कापड आगीपासून वाचवण्यासाठी अमोनियम फॉस्फेटच वापरून पाहिलं होतं. एक शंका मी विचारली ती तुमच्याही मनात आली असेल. मग भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये डीएपी कालवलं तर? भाचा म्हणाला, "मामू, पहिल्या पावसात धुऊन जाईल." खत पाण्यात विरघळावं म्हणूनच केलेलं असतं. रंगातलं पॉलिफॉस्फेट लांब साखळीचं असतं, ते सहज विरघळत नाही.

इथपर्यंत आग झाली. स्फोटाचं शास्त्र वेगळं, आणि ते समजायला कापसाचीच एक गोष्ट सांगतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, आणि सुमारे ८,७०० गाठी कापूस. दोन नंबरच्या खणात तर कापूस आणि स्फोटकं दोन्ही होती. वऱ्हाडातल्या कुठल्याही हमालाने हे पाहून कपाळावर हात मारला असता. कापसाची गाठ आतल्या आत धुमसते हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तंतूंच्या पोटात हवा असते, तेवढ्यावर ती दिवसेंदिवस धुमसू शकते. वरून पाणी मारा, आत पोचत नाही. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला बंबवाले पाणी मारायला लागले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून जो अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत.

इथे क्रम पाहा. आधी आग, मग स्फोट. मधे दोन तास होते. पण दुसऱ्या प्रकारच्या अपघातात आधी स्फोट होतो, मग आग. रंग करणाऱ्याला हा क्रम माहीत असावा लागतो, कारण दोन्हींच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत.

स्फोट म्हणजे हवेची एक भिंतच अंगावर येते, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावी अशी. पण माणसं बऱ्याचदा त्या हवेने मरत नाहीत. विटांचे तुकडे, पत्रे, काचा यांनी मरतात. २५ जून १९९६ रोजी सौदी अरेबियात खोबर टॉवर्स या इमारतीपुढे ट्रकबॉम्ब फुटला, अमेरिकेचे १९ सैनिक गेले आणि शेकडो जखमी झाले, त्यांतले कितीतरी उडालेल्या काचांनी. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी फ्लोरिडातल्या टिंडल तळावर भिंतींना आतून निरनिराळी पॉलिमरं फवारून पाहिली. त्यांना कामाची सापडली ती वस्तू अगदी बाजारातली होती. पिकअप गाडीच्या हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून आतून मारतात ते रबरासारखं अस्तर! त्याचं नाव पॉलियुरिया. शेतातल्या युरियाच्या रेणूत नायट्रोजन आणि कार्बनची जी जोडणी असते, तसली जोडणी याच्या साखळीत कडी-कडीला असते, म्हणून हे नाव.

दोन द्रव गरम करून, मोठ्या दाबाने, एकाच बंदुकीतून फवारायचे. भिंतीवर पडल्यावर काही सेकंदांतच ते घट्ट होतं. तीन-चार मिलिमीटरचा थर रबरासारखा ताणला जातो, आपल्या लांबीच्या तिप्पट-चौपट. स्फोटात वीट फुटते, ती फुटणारच, पण तुकडे या कातड्यात अडकून राहतात. भिंत शिडासारखी फुगते आणि माघारी येते. पॉलियुरियाचा आणखी एक गुण असा की त्याला हळू ओढलं तर ते मऊ असतं, पण झटका बसला तर कडक होऊन झटक्याची शक्ती आत जिरवतं.

या दोन द्रवांतला एक आयसोसायनेट असतो, हे ऐकून मी दचकलो. भोपाळचा वायू तो हाच ना? कूळ तेच, पण इथला रेणू जड, तसा सहज उडून जाणारा नाही. तरी फवारताना त्याचे तुषार फुप्फुसात गेले तर कायमचा दमा लागू शकतो. आपल्याकडे फवारणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून काम करतो. त्याला ताज्या हवेची नळी असलेला मुखवटा मिळालाच पाहिजे. भिंत वाचवण्यासाठी माणसाची छाती गहाण टाकण्यात काय हशील आहे?

आता खरी अडचण सांगतो. स्फोट झेलणारं हे कातडं स्वतःच जळतं. शेवटी ते पॉलिमर, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचंच पोर. पेटलं की दाट धूर होतो आणि त्यात नायट्रोजन असल्याने धुरात कार्बन मोनॉक्साईडबरोबर हायड्रोजन सायनाईडही येऊ शकतो. म्हणजे भिंतीच्या तुकड्यांपासून वाचलेला माणूस धुराने जायचा. मग त्यात आगरोधक पूड घाला. पूर्वी ब्रोमीनची संयुगं घालत. ती आगीला दाबत, पण त्यांचा धूर वाईट आणि ती माती-पाण्यात साठून राहत. त्यांतल्या काहींवर २००९ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंदी येत गेली. दुसरा उपाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईडचा. ही पांढरी पूड दोनशे अंशांच्या पुढे आपल्या पोटातलं पाणी सोडते, वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्तच, आणि आग थंडावते. पण परिणाम दिसायला ती निम्म्याच्या आसपास घालावी लागते. पिठात निम्मा भुसा मिसळून भाकर थापून बघा! तसंच पॉलियुरियाचं होतं. ताण गेला की ते स्फोटात टरकन फाटतं.

भाचा ज्याच्यामागे लागला आहे ते हेच. जाळाला पुरेशी पूड हवी आणि ताणाला ती कमी हवी. थोडं फॉस्फरसचं संयुग, थोडा फुगणारा ग्राफाईट, अतिशय बारीक चिकणमाती, असे मेळ घालून पाहतात. किंवा दोन थर देतात: आत ताणणारा, वर फुगणारा. ऐकायला सोपं वाटतं. पण फुगणारा थर ठिसूळ असला तर स्फोटाच्या दणक्याने तो खपली निघावी तसा आधीच निघून जातो, आणि नंतरच्या आगीपुढे लोखंड उघडं पडतं.

ही काल्पनिक भीती नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जोड मनोऱ्यांवर विमानं आदळली, त्या धक्क्याने पोलादावरचा आगरोधक थर झडून गेला आणि नंतरच्या आगीने उघडं पोलाद मऊ झालं, असं तिथल्या सरकारी संस्थेने २००५ च्या अहवालात नोंदवलं. त्याआधी, ६ जुलै १९८८ रोजी, उत्तर समुद्रातल्या 'पायपर अल्फा' या तेल-वायूच्या फलाटावर १६७ माणसं गेली. तिथे आग अडवणाऱ्या भिंती होत्या. पण त्या आगीसाठी बांधल्या होत्या, स्फोटासाठी नाही. पहिल्याच स्फोटाने त्या उडाल्या, आणि त्यांचे तुकडे उलट दुसऱ्या नळांवर जाऊन आदळले. आगीची भिंत वेगळी आणि स्फोटाची वेगळी असं धरून चाललं की असं होतं.

म्हणून चाचण्याही दुहेरी कराव्या लागतात. एक चाचणी मला फार आवडली. नळीत रंगाची कांडी उभी करायची आणि किती टक्के ऑक्सिजनमध्ये ती जेमतेम जळत राहते ते पाहायचं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. कापूस १८ टक्क्यांच्या आसपासही जळत राहतो, म्हणजे आपल्या हवेत त्याला रान मोकळं. चांगल्या आगरोधक पदार्थाचा आकडा २६-२८ च्या पुढे हवा. नुसत्या हवेत मग तो आपोआप विझतो. यानंतर त्याच थराला झटका देऊन, ओढून, वाकवून पाहायचं, आणि दणका सोसलेला तुकडा पुन्हा भट्टीत घालायचा. शेवटची ही पायरी पुष्कळ जण गाळतात, असं भाचा म्हणतो. महाराष्ट्रात या विषयांच्या जवळ जाणाऱ्या दोन सरकारी प्रयोगशाळा आहेत. अंबरनाथची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा जहाजांसाठी रंग, रबर, पॉलिमर यांवर काम करते. पुण्याची एचईएमआरएल स्फोटकांवर.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर जरा पूर्वेला बघा. वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंगांच्या शेडला आग लागली, मग स्फोट झाला. दोन लष्करी अधिकारी गेले, आणि गेलेल्यांत बहुतेक जण आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी होते. धामणगावच्या माझ्या एका मित्राचा त्या रात्री फोन आला होता. घरातली भांडी मांडणीवरून पडली म्हणाला. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात नऊ जीव गेले, त्यांत सहा बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन इमारतीचं छत कोसळलं, किमान आठ कामगार गेले. विदर्भाच्या घराघरांत आता या कारखान्यांवर कामाला जाणारं कोणी ना कोणी आहे.

तिथे असा रंग असता तर ती माणसं वाचली असती का? हा प्रश्न मी विचारला, आणि भाच्याने जे उत्तर दिलं त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला. तो म्हणाला, "ज्या खोलीत स्फोट होतो, त्या खोलीतल्या माणसाला रंग वाचवत नाही." तिथे उपाय एकच, माणसं कमी ठेवा, माल कमी ठेवा. रंग कामाचा आहे शेजारच्या खोलीसाठी, नियंत्रण कक्षासाठी, पळवाटेच्या भिंतीसाठी. आग आधी लागली असेल तर बंबवाल्यांना मागे हटायला काही मिनिटं मिळतात. अंतर, इमारतीभोवतीचा मातीचा बांध, या जुन्या गोष्टींना तो पर्याय नाही.

आणि एक गोष्ट तर मला अगदीच अनपेक्षित होती. स्फोटकांच्या काही इमारतींत एखादी भिंत किंवा छत मुद्दाम कमजोर ठेवतात. आत काही झालं तर दाब तिकडून, मोकळ्या मैदानाकडे निघून जावा म्हणून. अशा भिंतीवर कोणी उत्साहाने पॉलियुरिया फवारला तर? ती मजबूत होईल, आणि दाब उलट माणसांच्या बाजूने फुटेल. म्हणजे हा रंग कुठे मारायचा यापेक्षा कुठे मारायचा नाही हे आधी ठरवावं लागतं. रंगाच्या डब्यावर हे लिहिलेलं नसतं.

आपल्या जिनांना स्फोटाचा थर नको. तिथे फुगणारा रंग पुरे. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी मी भाच्याला अकोल्याकडच्या एका जिनात घेऊन गेलो. तिथले व्यवस्थापक ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारून देल्ला, तं किती मिनिटं भेटतील बाप्पा?" भाचा म्हणाला, ते थराच्या जाडीवर आहे आणि गर्डरच्या जाडीवर. पातळ पट्टीचा गर्डर लवकर तापतो, त्याला जाड थर लागतो. भरीव गर्डरला कमी चालतो. शिवाय आधी गंज खरवडावा लागेल, अस्तर द्यावं लागेल, आणि दर हंगामाच्या आधी थर कुठे सोलला का ते पाहावं लागेल. त्यावर पांढरा डिस्टेंपर मारून टाकायचा नाही. आणि रंगाच्या आधी, गर्डरच्या खांद्यांवर बोटभर रुईची जी बुरशी साचली आहे ती झाडून काढायची, कारण आग छतापर्यंत चढते ती तिच्यावरूनच.

व्यवस्थापकांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत मीही तिकडे कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी एका पोराला झाडू घेऊन बोलावलं, आणि भाच्याने जाडी मोजायला शिडी मागितली.